यंत्र खेळात जिंकलं, मग लेकीनं शिकायचं कशाला?

(सामुदायिक रेडिओवरचं बोलणं)

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमत, पाचही तालुक्यांतल्या गटांच्या बायांना रामराम. हातातलं काम करता करता ऐका. चुलीवर काही ठेवलं असेल तर आधी ते बघा, मी बोलतेच आहे.

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एक ताई माझ्याजवळ आली. तिची मुलगी दहावीत आहे. गणिताला बसवलं की म्हणते, "आई, हे सगळं मोबाईलला येतं. यंत्र आता माणसापेक्षा हुशार झालंय. मग मी कशाला डोकं शिणवू?" ताई मला म्हणाली, "मी सातवी शिकलेली. मला काही उत्तर देता आलं नाही. लेक म्हणते ते खरं की खोटं, तेवढं सांगा."

मला वाटतं, हा प्रश्न एकट्या तिचा नाही. दहावी-बारावीच्या मुली ज्या ज्या घरी आहेत, तिथं हे बोलणं कधी ना कधी होणार. आणि मुलीचं शिक्षण थांबवायला लोकांना एक कारण पुरतं. त्यात आता हे नवं कारण नको. म्हणून आज जरा सविस्तर बोलू. त्यासाठी मी तुम्हाला एका खेळाची गोष्ट सांगणार आहे. यंत्र माणसापेक्षा हुशार झालं असं लोक म्हणायला लागले, त्यात या खेळाचा मोठा वाटा आहे. खेळाचं नाव गो.

एकोणीस ठिपके, एकोणीस ओळी

हा खेळ चीनमधला. अडीच हजार वर्षांहून जुना. जपान आणि कोरियातही घरोघरी माहीत असलेला. आपल्याकडे तो कुणी खेळत नाही, पण समजायला अवघड नाही.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. एकोणीस ठिपके, एकोणीस ओळी. हे सगळे ठिपके उभ्या-आडव्या रेघांनी जोडा. झाला गोचा पट. एकूण 361 ठिपके. दोन जणी खेळायला बसल्या, तर एकीकडे काळे खडे, दुसरीकडे पांढरे. पट सुरुवातीला रिकामा. काळ्या खड्यांची बाई पहिला खडा ठेवते, मग पांढऱ्याची, मग पुन्हा काळ्याची. एकदा ठेवलेला खडा सरकवायचा नाही.

खडे ठेवून करायचं काय? बांध घालायचा. आपल्या खड्यांनी पटावरची जागा वेढायची. आतली जमीन आपली. शेवटी जिचं वावर मोठं, ती जिंकली. आणि मध्ये समोरचीचा खडा चारी बाजूंनी कोंडला, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आपले खडे बसले, की तो उचलून घ्यायचा. खड्यांचा एक गट असेल तर सगळा गट कोंडावा लागतो.

हे कोंडणं आपल्याला नवं नाही. लहानपणी वाघ-बकरी खेळलोच आहोत. खडूनं पट आखायचा, दोन-चार खडे वाघ, बाकीच्या बकऱ्या, आणि बकऱ्यांनी मिळून वाघाला हलायला जागा ठेवायची नाही. महाराष्ट्रात जुन्या लेण्यांत, किल्ल्यांवर, देवळांच्या दगडी फरशीवर असे पट कोरलेले आजही दिसतात. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनासुद्धा कोंडायचं कसं आणि कोंडीतून सुटायचं कसं हे ठाऊक होतं.

हिशेब कुठं अडला

यंत्रानं माणसाला पहिल्यांदा मोठा धक्का दिला तो बुद्धिबळात. 1997 सालच्या मे महिन्यात, न्यूयॉर्कमध्ये. आयबीएम कंपनीच्या डीप ब्लू नावाच्या संगणकानं जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्ह यांना सहा डावांच्या सामन्यात साडेतीन-अडीच असं हरवलं. त्याच्या आदल्या वर्षी कास्पारोव्ह जिंकले होते. वर्षभरात पारडं फिरलं.

ते यंत्र कसं जिंकलं? मोजून. एका सेकंदात ते वीस कोटी मांडण्या तपासायचं. मी ही चाल केली तर तो काय करेल, मग मी काय करेन, असं पुढं पुढं बघत जायचं. आणि बुद्धिबळात मोजायला सोयही आहे. प्याद्याला एक गुण, हत्तीला पाच, वजिराला नऊ. कुणाचं काय मेलं, कुणाचं काय शिल्लक, यावरून पारडं कुणीकडं झुकलंय याचा बराच अंदाज येतो.

गोमध्ये ही युक्ती चालली नाही. तिथं सगळे खडे सारखे. ना राजा, ना वजीर. आणि जागा किती! पहिला खडा 361 ठिकाणी ठेवता येतो, दुसरा 360, तिसरा 359. यांचा गुणाकार करून बघा. नुसते तीन खडे ठेवायचे 4 कोटी 66 लाखांहून जास्त प्रकार होतात. आणि एका डावात दोन-दोनशे, कधी त्याहून जास्त खडे पडतात. पटावर होऊ शकणाऱ्या सगळ्या मांडण्यांची संख्या लिहायची तर एका आकड्यापुढं एकशे सत्तर शून्यं द्यावी लागतील. सगळे डाव मोजून संपवील असं यंत्र कधीच बनणार नाही.

मग माणसं हा खेळ कशी खेळतात? नजरेनं. वर्षानुवर्षं खेळलेली माणसं पट बघतात आणि म्हणतात, ही बाजू भक्कम वाटते, ती पोकळ वाटते. का, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही.

तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. भाकरीचं पीठ मळताना पाणी किती, हे कोण मोजून घेतं? हाताला कळतं. हळद शिजवताना कढईतली हळद झाली की नाही, हे वासावरून, फेसावरून, काडी टोचून कळतं. नव्या सुनेला ते पहिल्या वर्षी जमत नाही. अशी जी नजर असते, ती यंत्राला कधी येणार नाही, असं लोकांना वाटायचं. गोमध्ये यंत्राला जिंकायला अजून शंभर वर्षं लागतील, असंही 1997 साली बोललं गेलं.

शंभर नाही, एकोणीस वर्षं लागली.

यंत्राला नजर कशी आली

लंडनमध्ये डीपमाइंड नावाची कंपनी आहे, गूगलनं विकत घेतलेली. तिथल्या डेमिस हसाबिस, डेव्हिड सिल्व्हर आणि त्यांच्या सोबत्यांनी अल्फागो नावाचा संगणकाचा कार्यक्रम तयार केला. त्यांनी यंत्राला मोजायला लावलं, पण आधी शिकायला लावलं. ते तीन टप्प्यांत झालं.

पहिला टप्पा म्हणजे बघून शिकणं. चांगल्या खेळाडूंच्या डावांतल्या सुमारे तीन कोटी मांडण्या यंत्राला दाखवल्या. प्रत्येक वेळी विचारलं, इथं माणसानं पुढचा खडा कुठं ठेवला असेल? सुरुवातीला ते चुकायचं. चुकलं की आतली गणितं थोडी बदलायची. असं करत शंभरात सत्तावन्न वेळा त्याचं उत्तर बरोबर यायला लागलं. आपण नाही का, आईच्या शेजारी बसून बघत बघत भाकरी थापायला शिकलो, तसंच.

दुसरा टप्पा म्हणजे खेळून शिकणं. यंत्र स्वतःशीच खेळायला लागलं. एक डाव झाला की जिंकलेल्या बाजूच्या चालींना थोडा जास्त भाव, हरलेल्या बाजूच्या चालींना थोडा कमी. असे लाखो डाव.

तिसरा टप्पा म्हणजे पट बघून अंदाज. या मांडणीत काळा जिंकण्याची शक्यता किती, पांढरा जिंकण्याची किती, हे यंत्र सांगायला शिकलं. याला आपण नजर म्हणू. मग सगळं मोजायची गरज उरली नाही. ज्या दोन-चार वाटा बऱ्या वाटतात, तेवढ्याच पुढं जाऊन तपासायच्या.

2015 च्या ऑक्टोबरमध्ये अल्फागोनं युरोपचे विजेते फान हुई यांना पाच-शून्य हरवलं. पुढच्या मार्चमध्ये, म्हणजे 2016 ला, दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये खरा सामना झाला. समोर होते ली सेदोल, अठरा आंतरराष्ट्रीय किताब मिळवलेले खेळाडू. बक्षीस दहा लाख डॉलर. ली यांना खात्री होती की आपण पाच-शून्य, नाहीतर चार-एक जिंकू. चार-एकच झालं, पण उलटं.

त्या सामन्यातल्या दोन चाली मला सांगायच्या आहेत.

दुसऱ्या डावात यंत्रानं सदतिसावी चाल अशी केली की बघणारे जाणकारसुद्धा म्हणाले, ही चूक असणार. माणूस ही चाल खेळण्याची शक्यता दहा हजारांत एक, असा खुद्द यंत्राचाच हिशेब होता. ली बारा-एक मिनिटं विचार करत राहिले. पुढं कळलं की डाव तिथंच वळला होता. म्हणजे यंत्र नुसती नक्कल करत नव्हतं. माणसांना न सुचलेलं ते खेळलं.

दुसरी चाल ली यांची. तीन डाव हरल्यावर चौथ्या डावात त्यांनी अठ्ठ्याहत्तरावी चाल अशी केली की यंत्र गडबडलं. तीही यंत्राच्या हिशेबात दहा हजारांत एक होती. त्यानंतर ते वेडंवाकडं खेळत गेलं आणि त्यानं डाव सोडला. सगळा देश टाळ्या वाजवत होता.

एक गंमतही सांगते. एवढा मोठा खेळाडू, पण पटावर खडा ठेवायला यंत्राला हात नव्हते. समोर बसून त्याच्या वतीनं खडे ठेवत होता कंपनीचाच एक माणूस.

हरायला परवडतं कुणाला

पुढच्या वर्षी, 2017 च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच कंपनीनं नवं यंत्र दाखवलं. अल्फागो झीरो. त्याला माणसाचा एकही डाव दाखवला नाही. फक्त नियम सांगितले आणि स्वतःशी खेळायला सोडलं. तीन दिवसांत ते 49 लाख डाव खेळलं. मग ली यांना हरवणाऱ्या जुन्या यंत्राशी त्याची गाठ घातली. शंभर डावांत शंभर डाव नवं यंत्र जिंकलं.

इथं थांबून विचार करू. यंत्र गो शिकलं का? हो, शिकलं. ते कबूल करायला हवं. ताईच्या लेकीचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं आहे.

पण ते इतकं झटपट शिकलं कशामुळे? तीन कारणं आहेत, आणि ती तीनही गोच्या पटात आहेत, यंत्रात नाहीत.

एक, पट सगळा उघडा. 361 ठिपक्यांवर काय आहे ते दोघांनाही दिसतं. लपलेलं काही नाही.

दोन, निकाल स्वच्छ. डाव संपला की कोण जिंकलं यात वाद नाही. त्यामुळे आपलं काय चुकलं हे यंत्राला प्रत्येक वेळी ताबडतोब कळलं.

तीन, हरलं तरी नुकसान नाही. 49 लाख डावांत प्रत्येक वेळी एक बाजू हरली. कुणाचं काय गेलं? वीज तेवढी जळली. पुन्हा रिकामा पट, पुन्हा पहिला खडा.

आता आपलं वावर बघा. हळद मे-जूनमध्ये लावायची, आठ-नऊ महिन्यांनी काढायची. मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश, आणि मग वसमतच्या बाजारात भाव काय निघतो ते. एक डाव एक वर्षाचा. बाई तीस वर्षं शेती करते म्हणजे तीस डाव खेळते. त्यात पाऊस, भाव, घरातलं आजारपण, सगळंच पटावर असतं आणि अर्धं दिसत नाही. आणि हरलो तर गटाचं कर्ज अंगावर. आपल्याला लाख वेळा हरून शिकायची सवलत नाही. म्हणून आपण दुसरीकडून शिकतो. आईकडून, शेजारणीकडून, पुस्तकातून, शाळेतून. शाळा म्हणजे दुसऱ्यांनी हरून शिकलेलं आपल्याला न हरता मिळायची जागा. ताई, लेकीला हे पहिलं उत्तर दे.

मडकं पक्कं की कच्चं

दुसरं उत्तर द्यायच्या आधी आपल्याच मातीतली एक गोष्ट आठवू. नरसीच्या नामदेव महाराजांची.

परंपरा सांगते, तेरला गोरोबाकाकांच्या घरी सगळे संत जमले होते. मुक्ताबाईनं काकांना विचारलं, यांत पक्कं मडकं कोणतं आणि कच्चं कोणतं, सांगा. काकांनी कुंभाराचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. सगळे गप्प बसले. नामदेवांना राग आला. काका म्हणाले, हे मडकं कच्चं. पांडुरंगाशी बोलणारे नामदेव, पण कच्चे ठरले. मग ते आपल्या औंढ्याला आले आणि नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांना त्यांनी गुरू केलं.

गोच्या यंत्रांनाही पुढं कुणीतरी असं थापटून पाहिलं.

2023 च्या सुरुवातीची बातमी आहे. अमेरिकेतला केलिन पेलरिन नावाचा एक हौशी खेळाडू. चांगला खेळणारा, पण जगज्जेता वगैरे नाही. त्यानं काटागो नावाच्या गोच्या यंत्राला पंधरापैकी चौदा डावांत हरवलं. हे यंत्रही अल्फागोसारखंच शिकलेलं आणि एरवी मोठमोठ्या खेळाडूंना न आवरणारं.

त्याला ही युक्ती संशोधकांच्या कामातून मिळाली. त्यांनी यंत्रातल्या फटी शोधण्यासाठी दुसरा एक संगणकाचा कार्यक्रम कामाला लावला होता. त्यातून सापडलेली फट माणसाला शिकता येण्याइतकी सोपी होती. यंत्राच्या खड्यांचं एक मोठं कडं बनू द्यायचं, मग त्या कड्याला बाहेरून हळूहळू आपल्या खड्यांचा वेढा घालायचा, आणि अधूनमधून दुसऱ्या कोपऱ्यात खडे टाकून त्याचं लक्ष तिकडं न्यायचं. वेढा पुरा होत आला तरी यंत्राला तो दिसेना. जवळजवळ शेवटपर्यंत त्याचा हिशेब सांगत होता की आपणच जिंकतोय. वाघ-बकरी खेळणाऱ्या एखाद्या पोरीनंसुद्धा तो वेढा ओळखला असता.

असं का झालं? यंत्रानं लाखो डाव पाहिले होते, पण असा डाव त्याच्यासमोर जवळपास कधी आलाच नव्हता. कोंडणं म्हणजे काय, हे आपल्याला जसं समजतं तसं त्याला समजलं नव्हतं. जे पुष्कळदा पाहिलं त्यात ते पक्कं होतं. जे कधी पाहिलं नाही तिथं कच्चं, आणि आपण कच्चे आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. नामदेवांना कळलं, म्हणून ते शिकायला निघाले.

माझ्या हळदीची पिवळी पानं

आता फोनकडं येते. आपल्या फोनमध्ये जे बोलणारं यंत्र आलंय, प्रश्न विचारला की मराठीत उत्तर देतं, ते गोच्या यंत्राचं भावंडच समजा. शिकायची रीत बरीचशी तशीच. फरक एवढा की ते मुख्यतः माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर वाचून शिकलं. आणि आपल्या गावातल्या, आपल्या वावरातल्या गोष्टी लिहिल्यात किती? फार थोड्या.

गेल्या पावसाळ्यात माझ्या हळदीची पानं पिवळी पडायला लागली. मी फोनला विचारलं. त्यानं लगेच, अगदी ठामपणे, एका रोगाचं नाव सांगितलं आणि फवारणी सांगितली. औषधाचं प्रमाणसुद्धा. मी पैसे काढून ठेवले. निघाले दुकानाकडं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, थांब. त्या चपला काढून वाफ्यात उतरल्या, पाय किती रुततो ते पाहिलं, एक गड्डा उपटून वास घेतला. म्हणाल्या, "पाणी साचलंय. नाली मोकळी कर आधी. नाहीतर गड्डे कुजतील." नाली बुजली होती. मोकळी केली, पाणी उतरलं, पुढची पानं हिरवी आली. फवारणीचे पैसे वाचले.

फोन खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. पिवळ्या पानांची जी कारणं असतात त्यातलं एक त्यानं सांगितलं. पण त्याला माझा पट दिसत नव्हता. नाली बुजलीय हे मी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. खरं सांगायचं तर चूक माझीही होती. वावरात जाऊन बघायच्या आधी मी फोन काढला.

तेव्हापासून मी फोनला विचारते, पण त्याचं ऐकायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारते. तुम्हीही विचारा, गटाच्या वहीत लिहून ठेवा.

पहिला, त्याला सगळा पट दिसतोय का? माझी जमीन, माझं पोट, माझ्या घरातली अडचण त्याला ठाऊक आहे का?

दुसरा, उत्तर बरोबर की चूक हे मला पडताळता येतं का? गणित असेल तर उलटं करून बघता येतं. सरकारी योजनेची तारीख असेल तर ग्रामपंचायतीत विचारता येते.

तिसरा, ते चुकलं तर भोगणार कोण? गाण्याचे शब्द चुकले तर हसून सोडून देऊ. पण औषधाची मात्रा, गरोदर बाईचं दुखणं, कर्जाचा कागद, फवारणीचं प्रमाण, यात आशाताई, डॉक्टर, बँकेतला माणूस, कृषी खात्याचा माणूस यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. तिथं दुसरा डाव मिळत नाही.

नागपूरची दिव्या

आता दहावीतल्या त्या लेकीसाठी शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं उत्तर.

बुद्धिबळात यंत्र माणसाला हरवून बसलं ते 1997 ला. नागपूरच्या डॉक्टर आई-वडिलांच्या घरी दिव्या देशमुखचा जन्म झाला 2005 च्या डिसेंबरात. म्हणजे ही मुलगी जन्मली तेव्हा यंत्र जिंकून आठ वर्षं झाली होती. तिलाही कुणी म्हणू शकलं असतं, की अगं, यंत्राला सगळं येतं, तू कशाला शिकतेस?

ती शिकली. 2025 च्या जुलैत जॉर्जिया देशातल्या बातुमी शहरात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात दोघी भारतीय. एकीकडे आंध्रच्या कोनेरू हम्पी, कितीतरी वर्षं जगात नाव असलेल्या. दुसरीकडे एकोणीस वर्षांची दिव्या. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. 28 जुलैला जलद डाव झाले आणि दिव्या जिंकली. त्याच विजयानं ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. हा मान मिळवणाऱ्या भारतीय महिलांमध्ये ती चौथी.

आजचे सगळे मोठे खेळाडू संगणकावर सराव करतात. आपला डाव त्याला दाखवतात, कुठं चुकलो ते बघतात. यंत्र त्यांच्यासाठी सरावाची पाटी आहे. पण सामना खेळायला बसायचं तर फोन दाराबाहेर ठेवावा लागतो. पटासमोर स्वतःच्या डोक्यात जे उतरलंय तेवढंच कामाला येतं. दहावीच्या परीक्षेला फोन चालत नाही, तसंच.

गोमध्येही तेच दिसलं. ली सेदोल 2019 ला खेळातून निवृत्त झाले. यंत्राला हरवता येत नाही, हे त्याचं एक कारण त्यांनी सांगितलं. त्यांचं दुःख खरं होतं. पण बाकीच्या खेळाडूंनी खेळ सोडला नाही. संशोधकांनी 1950 पासून 2021 पर्यंतच्या 58 लाख चाली तपासल्या. त्यांना दिसलं की अल्फागो आल्यानंतर माणसांच्या चाली सुधारल्या आणि माणसं पूर्वी कुणी न खेळलेल्या चाली खेळायला लागली. यंत्रानं दाखवलं की इकडूनही वाट आहे, आणि माणसांनी ती वाट स्वतः चालून पाहिली. ज्यांनी चालून पाहिली, तीच सुधारली.

तर ताई, तुझी लेक मोबाईलला गणित विचारते, विचारू दे. त्याला बंदी नको. पण आधी तिनं स्वतः सोडवायचं, मग त्याला विचारायचं. उत्तर वेगळं आलं तर कुणाचं चुकलं ते शोधायचं. कधी तिचं चुकलेलं असेल, कधी त्याचं. ते ओळखायला मात्र तिला गणित यावं लागेल. ज्याला येत नाही त्याला यंत्र फसवतंय की शिकवतंय हेच कळत नाही. गटाचा हिशेब आपण लिहितो, तरी मिटींगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवतो, ते कशासाठी? दहा जणींनी पडताळावं म्हणून. आकडेमोड येणारी एक जरी बाई तिथं बसली असेल तर चूक पकडली जाते.

जाता जाता एक काम देते. पुढच्या बैठकीला अंगणात छोटी रांगोळी काढा. नऊ ठिपके, नऊ ओळी. नवशिके गो असाच छोट्या पटावर शिकतात. ठिपके रेघांनी जोडा. काळ्या खड्यांसाठी चिंचोके घ्या, पांढऱ्यांसाठी नदीतले खडे. दोघी दोघींनी खेळा. सुनेनं सासूशी, लेकीनं आईशी. पहिल्यांदा हराल. पुन्हा खेळा. चिंचोक्यांचा डाव आहे, हरायला पैसे पडत नाहीत. आणि कोण कुणाला कसं कोंडलं, ते मला पुढच्या वेळी सांगा.

येते. काळजी घ्या. रामराम.